ओरखडा

अण्णांच्या दुकानात तुरटीचा खडा
आरशाखालच्या फळीवर असतो.
झिजून साबणाच्या चिपेएवढा झालेला,
मधोमध खोलगट, कुणाच्या तरी गालाच्या मापाचा.
वस्तरा चुकला की अण्णा बोलत नाहीत.
खडा ओला करतात, दाबतात,
गिऱ्हाईक स्स करतं
आणि रक्त विसरून जातं
की त्याला कुठं जायचं होतं.

मी लातूरला, दातांच्या कॉलेजात,
दुसऱ्या मजल्यावर पेशी वाढवते.
हिरडीचा तांदळाएवढा तुकडा,
अक्कलदाढ काढताना कुणीतरी सही करून दिलेला.
गुलाबी पाण्यात, सदतीस अंशांवर,
तीन आठवडे त्यांना खाऊ घातलं.
लांबट असतात त्या, दोन्हीकडं निमुळत्या,
एकमेकींना खेटून पसरतात
लग्नघरी सतरंजीवर निजलेल्या पाहुण्यांसारख्या.

मग नळीच्या टोकानं मी त्यांच्यातून एक रेघ ओढते.
ही माझी जखम.
हिला रक्त नाही, ही स्स करत नाही.
काठावरच्या पेशी आधी नुसत्या थांबून राहतात.
रात्री कधीतरी एकजण पाय पुढं टाकते.
चोवीस तासांनी रेघ अरुंद,
छत्तीस तासांनी कुठं होती ते शोधावं लागतं.

हे नुसत्या गुलाबी पाण्यातलं.
दुसऱ्या ताटलीत दवाखान्यातलं औषध,
लोखंडाचं, गंजाच्या रंगाचं,
हिरडीला टेकवलं की डॉक्टरला सगळं कोरडं दिसतं.
तिसऱ्या ताटलीत
(हे बाईंच्या यादीत नव्हतं)
अण्णांच्या खड्याची खरवडलेली पूड.

पाच मिनिटं. मग बघितलं.
पाहुणे पाय पोटाशी घेऊन गोल झालेले,
काही तर सतरंजी सोडून वर तरंगत होते.
निळा रंग घातला.
जिवंत पेशी रंगाला दारातूनच परत पाठवते,
मेलेलीचं दार उघडंच असतं.
निळ्या मोजत गेले, मोजत गेले, चौकट संपेना.
आणि रेघ तशीच.
दोन दिवस. ना इकडून कुणी निघालं, ना तिकडून.

रविवारी उदगीरला आले, सांगितलं.
अण्णा इलाहीचाचांना फेस लावत होते.
"मंग चाळीस वरीस मी माणसं मारलालो का?"

नाही अण्णा.
ताटलीतल्या पेशीला मागं अंग नसतं,
तिच्यासाठी दुसरी कुणी येत नाही.
गालाला असतं, गाल भरतो, थोडा उशिरा भरतो.
फक्त थांबलं की धुऊन टाका.
मी औषध पातळ केलं, लगेच धुतलं,
तेव्हा चालल्या त्या.
अडखळत, पण चालल्या.

अण्णांनी कोपऱ्यातल्या घागरीकडं बघितलं.
नळ येऊन आज अकरावा दिवस.
एका मगात त्यांच्या सात दाढ्या होतात.
ते काही म्हणाले नाहीत.
फेसातून इलाहीचाचाच हसले,
"बेटी, धुवायला काय, तुझं गुलाबी पाणी आणू का?"

संध्याकाळी अण्णांसोबत रेशनला गेले.
मशीननं अंगठा घेतला नाही.
त्यांनी तो पँटला पुसला, पुन्हा ठेवला.
मग डावा. मग मधलं बोट.
"निवृत्तीमामा, रेघाच गेल्यात तुमच्या,"
दुकानदार म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली.

मी अंगठा हातात घेऊन उजेडाकडं धरला.
पांढरट, गुळगुळीत, सुरकुतलेला.
इतक्या जवळून मी तो कधी बघितला नव्हता,
अनोळखी माणसाची हिरडी मात्र
चारशे पट मोठी करून बघितली होती.

बाटलीत एसटीत उरलेलं पाणी होतं.
अंगठ्यावर ओतलं, चोळलं,
पुन्हा ओतलं.
चौथ्या खेपेला मशीन हिरवं झालं.
मागच्या बाईनं जमिनीवरच्या ओलीकडं बघितलं
आणि म्हणाली, अगं, सांडू नको की.